येळवशीचं कुलूप

तुरीच्या शेंगा भरल्या की आमच्या शाळेत शिकवणं अवघड होतं. पोरं खिसे भरून शेंगा आणतात, बाकाखाली टरफलं पडतात आणि भूगोलाचा तास ऐन रंगात असताना मागून दाणे चावल्याचा बारीक आवाज येत राहतो. पूर्वी मी रागवायची. आता नुसतं विचारते, "कुणाच्या रानातल्या?" आणि उत्तराबरोबर मूठभर शेंगा टेबलावर येऊन पडतात. सकाळी भालकीहून बसनं येताना खिडकीच्या फटीतून थंडी आत शिरते. उसाच्या फडांवर धुकं बसलेलं असतं, पलीकडे ज्वारी निसवायच्या बेतात असते. कंडक्टर मफलर गुंडाळून सगळ्यांना कानडीत पुढं सरकायला सांगतो, आणि माझ्या शेजारची बाई त्याला मराठीत विचारते की पुढं काय तुझ्या डोक्यावर बसू का. तो हसतो. आपण दोन भाषांत भांडलो, हे त्या दोघांच्याही ध्यानात येत नाही.

म्हणजे येळवस आली. पंचांगातलं तिचं नाव वेळ अमावस्या. लातूर-उदगिरापासून आमच्या बिदर-कलबुर्गीपर्यंत या दिवशी कुणी घरात जेवत नाही. रानात कडब्याची छोटी खोपटी, म्हणजे कोप, करायची, आत पाच दगड चुन्यानं रंगवून मांडायचे. ते पांडव. त्यांची पूजा करायची आणि मग सगळ्यांनी मिळून भज्जी, ज्वारीचे उंडे, तिळाची भाकरी खायची, वर मडक्यातली आंबट आंबिल प्यायची. भज्जी म्हणजे तळलेली भजी समजू नका. तुरीचे, हरभऱ्याचे, वालाचे ओले दाणे आणि हाताला लागेल ती पालेभाजी बेसनात शिजवून केलेला तो एक घट्ट, हिरवट, आंबट पदार्थ असतो, आणि जो तो आपल्याच आईच्या भज्जीची शपथ घेतो. मीही घेते.

पण येळवशीची खरी गंमत जेवणात नाही. या सणाला आवतन नसतं. कुणी कुणाच्या घरी जाऊन 'या बरं का' म्हणत नाही. तुम्ही बांधावरून चाललात की रानातून हाक येते, आणि हाक आली की जायचं. ज्याला रान नाही तो त्या दिवशी सगळ्यात जास्त जेवतो, कारण तो सगळ्यांच्याच बांधावरून जातो. जात, धर्म, ओळखपाळख विचारायची पद्धत नाही. माझे वडील म्हणायचे, येळवशीला उपाशी राहिलेला माणूस दाखवा आणि माझ्याकडून उसाची मोळी घेऊन जा. ती मोळी त्यांना कधी द्यावी लागली नाही, आणि याचा आम्हाला फार अभिमान होता.

यंदाही थंडीबरोबर वरून पत्रक आलंय. शाळांनी विद्यार्थ्यांना जागतिक नागरिक म्हणून घडवावं, त्यासाठी उपक्रम घ्यावेत, फोटो काढून पाठवावेत. पत्रकात वाईट काही नसतं. मी असली पत्रकं नीट वाचते, खाली सही करते. पण वाचताना डोळ्यांपुढं जगाचा नकाशा येत नाही. आमच्या शाळेची पायरी येते, आणि त्या पायरीवर खडूनं काढलेली भाताची कणसं.

दहा-बारा वर्षांपूर्वी असंच पत्रक पहिल्यांदा आलं होतं. आमचे मुख्याध्यापक स्वामी सर उत्साही माणूस. त्यांनी एकेका वर्गाला एकेक देश वाटून टाकला. सातवीला, म्हणजे माझ्या वर्गाला, जपान आलं. कार्यक्रमाला मोठे पाहुणे येणार होते. पोरं कागदाच्या टोकदार टोप्या करायला लागली, पोरींनी आयांच्या साड्यांचे किमोनो बेतले. शिवलीला नावाची एक पोरगी होती वर्गात, शेतकऱ्याची, कपाळाला विभूती लावून यायची आणि प्रश्न विचारून जीव खायची. तिनं विचारलं, "बाई, जपानात येळवस असती का?"

मी म्हटलं, नसावी.

"मग त्यांच्यात बाहेरून आलेला माणूस कुठं जेवतो?"

मी तिला टोपी नीट चिकटवायला सांगितली.

तिच्या शेजारी मुबीना बसायची. तिच्या अब्बांचं हुमनाबादच्या रस्त्याला टायर पंक्चरचं दुकान. महामार्गावरच्या लॉऱ्या तिथं थांबत, त्यामुळे पंजाबपासून तमिळनाडूपर्यंतच्या ड्रायव्हरांशी बोलायची तिला सवय. या दोघींना घेऊन मी एकदा स्पर्धेसाठी हुमनाबादला गेले होते. बसस्टँडवर त्या कंडक्टरशी कानडीत बोलल्या, पेरूवाल्याशी दखनीत घासाघीस केली, माझ्याकडं मराठीत तक्रार केली की पेरू कच्चे निघाले, आणि औरादकडून आलेल्या एका म्हातारीला मोडक्या तेलुगूत तिची बस दाखवली. पेरू संपायच्या आत हे सगळं झालं. जगाशी बोलायचं कसं हे या पोरींना मी काय शिकवणार, असं मला तेव्हा वाटलं होतं. ते काही पुरतं खरं नव्हतं.

सबिताला शाळेत आणलं ते शिवलीलेनंच. दिवाळीनंतर गावाबाहेर वीटभट्टी लागली होती, आणि तिथं ओडिशाहून कामाला आलेली कुटुंबं कच्च्या विटांच्या खोपट्यांत राहत होती. शिवलीलेचं रान भट्टीला लागून. एका सकाळी ती एका सावळ्या, लांब वेणीच्या पोरीचा हात धरून वर्गाच्या दारात उभी राहिली. पोरीच्या कडेवर धाकटी बहीण होती.

"बाई, ही रोज बांधावर बसून आमच्या दप्तराकडं बघायलीय. म्हून घेऊन आले."

"तिच्या आईला विचारलंस का?"

"विचारले की. मुबीना बोलली त्यांच्याशी. आई म्हणाली, दिवस मावळायच्या आत पोरगी दिसाय पायजे. भट्टीवरून साळा दिसती, म्हून हो म्हणली."

स्वामी सर म्हणाले, "बसू द्या." ती बसली, धाकटीला मांडीवर घेऊन. मराठी तिला येत नव्हतं, हिंदी थोडंफार. पण गणित यायचं, आणि चित्र फार सुंदर यायचं. तिच्या गावाकडं मार्गशीर्षात बायका दारात तांदळाच्या ओल्या पिठानं भाताची कणसं आणि लक्ष्मीची पावलं काढतात. तिनं खडू पाण्यात भिजवला आणि वर्गाच्या उंबऱ्यापाशी तशी कणसं काढून दाखवली. बारीक, वाकलेली, ठिपक्याठिपक्यांची. पोरं भोवती जमली. एकजण म्हणाला, हे कणीस चुकलंय, कणीस असं झुकत नसतं. त्यानं आपलं ज्वारीचं ताठ कणीस शेजारी काढलं. सबितानं त्याचं कणीस बघितलं, आपलं बघितलं आणि दोन्ही तशीच ठेवली. जपानच्या रांगेत तिलाही टोपी मिळाली. आम्ही सगळे स्वतःवर खूश होतो.

मग येळवस आली.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. येळवशीला आमच्याकडं शाळा बंद असते, पण तशी सूचना कुणी देत नाही. द्यायचं काय त्यात? सूर्य उगवणार आहे अशी सूचना देतं का कुणी? त्या दिवशी सकाळी गाव उठतं, टोपल्या डोक्यावर घेतं, घरांना कुलपं लावतं आणि रानात निघून जातं. गिरणी बंद, दुकानं बंद, चौकातला हॉटेलवाला आपल्याच रानात चहा करत बसतो. गावात कुत्रंसुद्धा राहत नाही, तेही माणसांमागं जातं. मी भालकीजवळ माझ्या माहेरच्या रानात होते. भज्जी खाल्ली, ऊस खाल्ला, उन्हात आडवी झाले. मला कशाचीच आठवण झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेच्या फाटकातून आत आले आणि थांबले. पायऱ्या, ओटा, वर्गाचा बंद दरवाजा, सगळीकडं पांढरी कणसं होती. कुणीतरी खूप वेळ, एकटं बसून काढल्यासारखी. पायरीवरून सुरू झालेली ती ओळ दारापर्यंत गेली होती, आणि कुलपाच्या अगदी खाली शेवटचं कणीस अर्धं राहिलं होतं. पोरं आली, ती पण थांबली. कणसांवर पाय द्यायला कुणी तयार होईना.

शिवलीला कणसांच्या कडेनं दारापर्यंत जाऊन आली. "सबिता काल आल्ती," ती म्हणाली. "बाई, ही कामून आली? येळवशीला कुठं साळा असती?" आणि मग स्वतःच हळू म्हणाली, "तिला कुणी सांगितलंच न्हाई."

मी नाही, स्वामी सरांनी नाही, तिच्याबरोबर रोज डबा खाणाऱ्या पोरींनीही नाही. जे सगळ्यांना ठाऊक असतं ते सांगायचं असतं, हेच कुणाला ठाऊक नव्हतं. बांधावरून जाणाऱ्या अनोळखी माणसाला ओढून जेवायला बसवणारं आमचं गाव, आणि दिव्याखाली अंधार तो हा.

सबिता त्या दिवशी आली नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. कार्यक्रमाच्या तालमी चालू होत्या, जपानच्या रांगेत एक जागा रिकामी होती, आणि ती भरून काढा असं म्हणायची छाती कुणाची होत नव्हती. शेवटी शाळा सुटल्यावर मी, शिवलीला आणि मुबीना भट्टीवर गेलो.

सबिताची आई पाणी भरत होती. बारीक अंगाची, डोक्यावर घट्ट पदर. आम्हाला पाहून तिनं आधी सबिताला आत ढकललं. मग मुबीनानं विचारलं, "इस्कूल को कायको नै भेजे?"

तिनं हिंदीत, अडखळत, पण एकदा सुरू झाल्यावर न थांबता सांगितलं. त्या दिवशी सबिता एकटीच शाळेत गेली. कुलूप. तिला वाटलं, उशिरा उघडेल. ती बसून राहिली. ऊन वर आलं तरी भट्टीवरून शाळेत दुसरं पोर दिसेना म्हणून आई धाकटीला घेऊन गावात आली, तर घरोघर कुलपं. किराणाचं दुकान बंद. हाक मारली तर ओ नाही. भर दुपारी एवढं मोठं गाव, आणि माणूस नाही. पोरीला घेऊन ती पळत भट्टीवर आली. तर शेजारच्या रानात माणसं काहीतरी ओरडत, पिकावर काहीतरी शिंपडत धावत होती. एक माणूस तर त्यांच्याकडंच हात करून ओरडत होता. आणि अंधार पडताना माणसं पेटते पलिते घेऊन बांधाबांधानं पळत आली.

"गाव खाली होता है," ती म्हणाली, "तो कुछ बुरा होता है. हम पूरा रात जागे. अब लड़की मेरे सामने रहेगी."

आमचा सगळ्यात लाडका सण भट्टीवरून असा दिसतो, हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं. आंबिल शिंपडत रानाला फेरी घालताना आम्ही जे ओरडतो ते अर्धं जुन्या कानडीतलं असतं, त्याचा अर्थ आम्हालाही धड ठाऊक नसतो. ओरडायला मात्र मजा येते. संध्याकाळी कडब्याची पेंढी पेटवून बांधावरून पळवतात ती तर पोरांची वर्षभराची हौस. हे सगळं न सांगता कुणाला कसं कळावं?

"तो हात करणारा माणूस म्हंजे आमचे अप्पा," शिवलीला एकदम रडकुंडीला आली. "ते जेवाय बोलवालते. बाई, ते तीनदा बोलवले. कुणी आलं न्हाई म्हून घरी येऊन म्हणाले, भट्टीवाल्यांना आमचं चालत न्हाई वाटतं."

मुबीनानं हे दखनीत सांगून पाहिलं. खाना, पूजा, खेत, अमावस. आई ऐकत होती, पण तिच्या चेहऱ्यावर काही हलत नव्हतं. शब्द पोचत होते, भीती जागची उठत नव्हती. मग शिवलीलेनं डोळे पुसले आणि सरळ तिचा हात धरला. "चला. बघा तुम्हीच."

कोप अजून उभी होती. शिवलीलेची आई तिथं तुरीला राखण बसली होती. आतमध्ये पाच पांढरे दगड, वाळलेली झेंडूची फुलं, विझलेली पणती, मडक्यात तळाशी थोडी आंबिल. सबिताची आई वाकून आत शिरली. दगडांकडं पाहिलं, फुलांकडं पाहिलं. मग तिनं बाहेर जाऊन चप्पल काढली, परत आत आली, गुडघे टेकले आणि कपाळ मातीला लावलं. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. उठली तेव्हा तोंडावर पदर होता, आणि पदराआड ती हसत होती. किती वेळ हसत होती. "पूजा था," ती सबिताला म्हणाली, आणि मग त्यांच्या भाषेत बरंच काही. सबिताही हसायला लागली. मला मात्र रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

शिवलीलेच्या आईनं तीन दगडांची चूल पेटवली. घरून येळवशीची राहिलेली भज्जी मागवली. शिवलीला म्हणाली, "माय, पाव्हण्याला शिळं देतेस?"

"शिळी भज्जी म्हंजे दुसरी येळवस," तिची माय म्हणाली. "खाऊन बघू दे. तुला काय कळतंय?"

सबिताच्या आईनं पहिला घास घेतला, विचार केला आणि मिरची मागितली. तिथून पुढं आम्हा बाकीच्यांची गरज उरली नाही. दोघी बायका आपापल्या भाषेत बोलत बसल्या. एक तुरीच्या शेंगा सोलत होती, दुसरी सोलायला लागली. थोड्या वेळानं अप्पा रानातून आले. परकी बाई बघून लांबच उभे राहिले आणि तिथूनच, उगाच मोठ्यानं, म्हणाले, "जेवा जेवा. पोटभर जेवा."

दुसऱ्या दिवशी सबिता शाळेत आली आणि आधी ते अर्धं राहिलेलं कणीस पुरं केलं. कार्यक्रम झाला. पाहुण्यांना जपान आवडलं. कागदी टोपी घातलेल्या त्या लांब वेणीच्या पोरीला कुणी विचारलं नाही की तू कुठली, आणि तिनं सांगितलं नाही. उन्हाळा संपता संपता भट्टी विझली, तशी ती माणसं गेली. कुठं गेली ते आम्हाला कळलं नाही. तिची आठवण आली की अजून बरं वाटत नाही, पण जितके दिवस होती तितके दिवस ती बाकावर होती, एवढं आहे.

तेव्हापासून माझ्या वर्गात एक रीत पडलीय. येळवशीच्या आदल्या दिवशी पोरं भट्टीवर जातात, ऊसतोडीच्या टोळीकडं जातात, महामार्गावरच्या ढाब्यावर थांबलेल्या ड्रायव्हरांकडं जातात आणि सांगतात: उद्या गाव बंद राहील. भिऊ नका. काही झालेलं नाही. आम्ही रानात आहोत. आम्ही ओरडलो तर ते रागानं नाही, ती पद्धत आहे. हाक मारली की या. पत्रकातल्या उपक्रमांच्या रकान्यात हे बसत नाही, म्हणून मी ते लिहीत नाही. जगात वावरायला शिकवायचं म्हणजे दुसऱ्याच्या चालीरीती पाठ करून घ्यायच्या, असं मला आधी वाटायचं. आता वाटतं, आपलं दार बाहेरून कसं दिसतं ते एकदा लांब उभं राहून बघायला शिकवावं. बाकीचं पोरं करतात.

शिवलीला आता जर्मनीत नर्स आहे. मागच्या साली नाताळात तिचा फोन आला. तिकडं जाऊन थोडेच दिवस झाले होते. आवाज बारीक झालेला.

"बाई, सगळं गाव कुलूपबंद. दुकान न्हाई, बस न्हाई, रस्त्यावर माणूस न्हाई. नाताळ असतो हे ठाऊक होतं, पण एवढं सगळं बंद असतं हे कुणी सांगितलंच न्हाई. घरात खायला बिस्किटं हायत. मघाशी खाली जाऊन दारात उभी राहिले तर एकदम सबिता आठवली."

मी म्हटलं, "कुणी हाक मारली का?"

"न्हाई. माणसं वाईट न्हाईत बाई. त्यानला वाटलं असंल, हिला ठाऊकच असणार. कुठंबी जावा, पळसाला पानं तीनच." मग म्हणाली, "आमच्या मजल्यावर एक नवीन पोरगी आलीय. आफ्रिकेतली. तिच्या खोलीत दिवा दिसायलाय. ठेवू का फोन? तिला विचारून येते, काय खाल्लीस म्हून."

उद्या येळवस. आज दुपारी पोरं भट्टीवर गेली होती. यंदाची माणसं बिहारची आहेत. पोरं धुळीनं भरून परत आली, खिशात शेंगा होत्याच.

"सांगितलं का रे सगळं?"

"सांगितलाव बाई. एक काकू विचारालती, कुणाच्या रानात यायचं म्हून."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हणालाव, जो आधी हाक मारील त्याच्या."